गोंदण कुठल्या गालावर

माझी मोठी वहिनी शर्मिष्ठा कुणाच्याही घरी गेली की माणसांआधी भिंती बघते. पाण्याचा ग्लास हातात घेते, तब्येतपाणी विचारते, आणि डोळे मात्र वर. काय टांगलंय, केवढं टांगलंय, कुठून आणलंय. परतताना रिक्षात ती मला सगळ्या भिंतींची हकीकत सांगते आणि शेवटी म्हणते, "आपल्याले काय करायचं म्हणा." ती असं म्हणाली की मला समजतं, बाईला आज झोप येत नाही.

तिच्याबद्दल लिहायचं तर हेव्यापासूनच सुरुवात करावी लागते. ती कष्टाळू आहे, हाताला चव आहे, शब्दाची पक्की आहे, हे सगळं खरं. पण तशा बायका आमच्या रायपुरात गल्लोगल्ली सापडतील. वहिनीसारखं जळणारी मात्र एकच. काही बायका जळतात आणि नुसत्या धुमसत बसतात. ही जळते आणि कामाला लागते.

आमचे बाबा, श्यामराव, रेल्वेत होते. अकोल्याहून बदली होऊन इथं आले आणि इथलेच झाले. बूढ़ापाऱ्यात तलावामागच्या गल्लीत त्यांनी वरच्या मजल्यावर घर घेतलं. त्या घराचा जिना इतका उभा आहे की गॅसवाला सिलिंडर खाली ठेवून आधी देवाचं नाव घेतो. बाबा गेल्यावर आई, शांताबाई, तिथंच राहिली, मनोहरदादाकडे. म्हणजे खरं तर वहिनीकडे, कारण दादा ऑफिसातून येऊन टीव्हीसमोर बसला की घरात असून नसल्यासारखा. धाकटा अभिनव शिकला, मोठ्या पगारावर चढला आणि तेलीबांध्याला तळ्यासमोर फ्लॅट घेऊन राहिला. त्याची बायको देवश्री नागपूरची. मी, अपर्णा, ब्राह्मणपाऱ्यात असते. वहिनीकडे तणतणत निघावं तर पोचेपर्यंत राग उतरत नाही, एवढंच अंतर.

तेव्हा आईचं सगळं वहिनी करायची. गुडघ्याला तेल, डोळ्यांत थेंब, मऊ भात, न्हाणं. आणि पाहुणे आले की आई सांगायची काय, तर देवश्रीनं आणलेली शाल किती मऊ आहे. देवश्रीचा फोन आला की आईचा आवाज बदलायचा, पोरीसारखा व्हायचा. वहिनी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि पोळीवर लाटणं जोरात फिरायचं.

एकदा मी तिला म्हटलं, "वहिनी, आई काही तुझ्यावर नाराज नाही."

"नाराज काहून असन? पण मी रोजची ना, अपर्णाबाई. रोजच्या भाजीची कोण तारीफ करते? लोणच्याची करतात."

देवश्री वाईट आहे का? नाही, आणि हीच तर पंचाईत. ती वाईट असती तर वहिनीचं आयुष्य सोपं झालं असतं. ती हसून बोलते, वाकून नमस्कार करते, जाताना वहिनीच्या हातात काहीतरी ठेवून जाते. वहिनी ती वस्तू कपाटाच्या तळाशी टाकते आणि त्यावर चादरी रचते.

फ्लॅटच्या वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो. हॉलमध्ये शिरताच समोर एक अख्खी भिंत फोटोंची. साधे फोटो नाहीत, कापडावर छापून लाकडी चौकटीवर ताणलेले कॅनव्हास. लहान, मोठे, एकमेकांना जुळवून लावलेले. अभिनव-देवश्रीचं लग्न, समुद्र, मुलाचे पाय. आई त्या भिंतीपुढं उभी राहिली, चष्मा वरखाली केला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्या देवश्रीची नजरच चांगली आहे."

वहिनीनं त्या दिवशी पानातलं श्रीखंड टाकलं. गोडाला नाही म्हणणारी बाई नाही ती. रिक्षात म्हणाली, "विकतचं आहे सारं. पैसे फेकले की भिंत भरते." पाठोपाठ तळ्याकडं बघत, "आपल्याले काय करायचं म्हणा."

आठवड्याच्या आत बूढ़ापाऱ्याच्या त्या घरात कोरे कॅनव्हास आले.

वहिनीनं मोबाईलवर शोधून काढलं होतं, की हे घरी करता येतं. कोऱ्या कॅनव्हासवर पांढरा जेल फासायचा. त्यावर फोटोची प्रिंट पालथी चिकटवायची, रंग खाली, कोरी पाठ वर. जुन्या कार्डानं दाबून हवा काढायची. वाळू द्यायचं. मग ओल्या फडक्यानं कागद भिजवून बोटांनी चोळत राहायचं. कागद निघून जातो, रंग कापडावर राहतो. ऐकायला सोपं. पहिल्यांदा तिनं अनुश्रीचा, म्हणजे तिच्या लेकीचा, फोटो घेतला, आणि पाणी लावताच पोरीचं तोंड निळं-जांभळं होऊन वाहून गेलं.

"मम्मी, ये इंकजेट है, ये नहीं चलेगा. लेज़र प्रिंट लगता है," अनुश्री म्हणाली. कॉलेजात जाते. मराठी सगळं समजतं तिला, उत्तर मात्र हिंदीत.

"मंग आधी काहून नाही बोलली?"

"आपने पूछा कब?"

वहिनी कुणाला विचारत नाही. विचारलं तर सांगणारा मोठा होतो, असं काहीसं तिच्या मनात असावं. पण हात धुवून मागं लागणं तिला ठाऊक आहे. गल्लीच्या तोंडाशी नत्थूभैयाचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथून लेझर प्रिंटा यायला लागल्या. कागद चोळताना फार जोर लावला की चित्राला भोक पडतं आणि कमी लावला की पांढरं धुकं राहतं, हे तिच्या बोटांना कळायला लागलं. प्रिंट पालथी चिकटते म्हणून चित्र उलटं उमटतं, डावं उजवीकडं जातं, हेही तिनं एक कॅनव्हास वाया घालवून शिकून घेतलं. तेव्हापासून छापायच्या आधी फोटो उलटा करून घ्यायचा, म्हणजे कापडावर सुलटा येतो, हा तिचा नियमच झाला.

वर्षभरात तिच्या भिंती भरल्या. अनुश्री, पुलगावचं तिचं माहेर, पावसाळ्यातला बूढ़ातालाब, आईचे पापड लाटणारे हात. खरं सांगते, त्या हातांच्या कॅनव्हाससमोर मी पुन्हा पुन्हा जाऊन उभी राहिले. कडेला रंग थोडा उडाल्यासारखा, मधे सुरकुत्या स्पष्ट. विकतच्या कॅनव्हासात ते नसतं. शेजारच्या बायका वर येऊन बघून जायच्या. वहिनीनं आईला विचारलं, कसं झालंय? आई म्हणाली, "चांगलं आहे. तुहा वेळ जाते."

वेळ जाते. ते ऐकून वहिनी ओट्यावरचं भांडं घासत राहिली, आधीच घासलेलं.

मग अभिनवनं विषय काढला. आईची पंच्याहत्तरी जवळ आली होती. तो म्हणाला, त्यानंतर आईनं तेलीबांध्याला राहायला यावं. लिफ्ट आहे, संध्याकाळी रायपूरच्या मरीन ड्राइव्हवर तळ्याकाठी बसता येईल, त्या जिन्यापायी ती घरातच कोंडली गेलीय. सगळं बरोबर होतं त्याचं. आई म्हणाली, "पंच्याहत्तरी होऊ दे. मंग सांगीन."

त्या दिवसापासून वहिनीच्या डोक्यात दुसरं काही उरलं नाही. आई राहणार की जाणार.

मी म्हटलं, "जाऊ दे ना. तुलाही जरा आराम."

"आराम?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी हातातला कप खाली ठेवला. "सारं मी करू अन् शेवटाले आई तिची? लोकं काय म्हणतीन? धाकट्या सुनेनं सांभाळलं म्हणतीन. माह्यं नाव कोण घेईन?"

मला तेव्हा तिचा राग आला. तिच्या बोलण्यात आई कुठंच नव्हती, असं मला वाटलं. आणि दुसरा राग त्याच्या खाली होता. दोन सुना माझ्या आईसाठी भांडत होत्या, दोन भाऊ ठरवत होते, आणि मला कुणी विचारलंदेखील नव्हतं. माझं घर लहान, सासू-सासरे घरात, ते खरं आहे. पण विचारायला काय जातं? मी पोटची पोर. नुसतं विचारलं असतं तरी मी स्वतःच नाही म्हटलं असतं.

याच सुमारास देवश्री बूढ़ापाऱ्याला आली आणि म्हणाली, "ताई, आई-बाबांचा तो स्टुडिओतला फोटो दोन दिवस द्याल का? पंच्याहत्तरीला मोठा करून घेते."

लग्नानंतर काढलेला तो एकुलता एक जोडीचा फोटो. काळा-पांढरा. बाबा खुर्चीत बसलेले, मनगटावर घड्याळ, आई मागं उभी. डाव्या खांद्यावर पदर, उजव्या गालावर गोंदणाचा ठिपका. लहानपणी जत्रेत आजीनं तिला गोंदवून घेतलं होतं. बाकी आमच्या घरात कुणाच्या चेहऱ्यावर गोंदण नाही.

वहिनीनं फोटो काढून दिला. वर चहाही दिला. देवश्री गेल्यावर अल्बममधल्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, "हाच मी घेणार होती." घेणार होती की नव्हती, देव जाणे. पण आता घेणार हे नक्की. "तोच करीन. तिचा विकतचा, माह्या हातचा. आई दोन्ही पाहीन, मंग समजन तिले."

"आणि मग आई राहील?"

वहिनीनं अल्बम मिटला.

फोटो परत आल्यावर तिनं अनुश्रीकडून तो मोबाईलवर घेतला आणि उलटा करायला सांगितलं. पोरीनं केला. पण पोरगी तेव्हा कानाला फोन लावून मैत्रिणीशी बोलत होती, त्यामुळं वहिनीचा विश्वास बसला नाही. आम्ही दोघी नत्थूभैयाकडे गेलो. वहिनी म्हणाली, "भैया, इसको पलटा के निकालना."

"हव दीदी," तो म्हणाला, आणि त्यानंही उलटा केला. दोनदा उलटा म्हणजे सुलटा, एवढं गणित तिथं उभ्या असलेल्या आम्हा दोघींना जमायला हरकत नव्हती. एरवी वहिनी प्रिंट हातात घेऊन, ती उलटी आहे ना हे बघितल्याशिवाय दुकानाची पायरी उतरत नाही. पण त्या दिवशी नत्थूभैया मशीनवर वाकून सहज बोलला, "यही फोटो छोटी दीदी भी स्कैन कराके ले गई हैं. बहुत बड़ा बनवा रही हैं. कलर में."

"कितना बड़ा?"

त्यानं दोन्ही हात पसरले. कमी वाटले म्हणून आणखी पसरले.

वहिनीनं प्रिंट गुंडाळली आणि चालू लागली. रस्ताभर एकच, "केवढा सांगितला त्यानं? दरवाजाएवढा? आमच्या दारातून येईन का तरी?" गुंडाळीतली प्रिंट अल्बमातल्या फोटोसारखी हुबेहूब सुलटी आहे, याकडं ना तिचं लक्ष होतं ना माझं. आणि पाहिली असती तरी ती बरोबरच वाटली असती, कारण सगळं जागच्या जागी दिसत होतं.

कागद काढताना मी हजर होते. खिडकीत ऊन होतं. वहिनीनं ओलं फडकं ठेवलं, बोटं गोल गोल फिरवायला लागली, आणि कागदाच्या बारीक वळकट्या निघायला लागल्या, दिवाळीत उटणं लावल्यावर अंगावरून निघतात तशा. आधी बाबांचे बूट आले, मग खुर्ची, मग आईचा हात. चेहऱ्याशी आल्यावर ती बोलायची थांबली. गोंदणाभोवती करंगळीच्या टोकानं चोळत होती, श्वास धरून. नाक कॅनव्हासला टेकायचं बाकी होतं. इतक्या जवळून पदर कुठल्या खांद्यावर आहे, ते कसं दिसणार?

"राहिलं," ती शेवटी म्हणाली. "गोंदण राहिलं."

वरून लकाकीच्या वार्निशचा हात देऊन, जुन्या साडीत गुंडाळून तिनं तो कपाटात ठेवला. मलाही परत दाखवला नाही.

पंच्याहत्तरी आईच्या हट्टानं बूढ़ापाऱ्यातच झाली. गोंदियाहून कमलामावशी, आईची बहीण, आली होती. तीही त्याच जिन्यानं, दोनदा बसून. गल्लीतल्या बायका होत्या. कणकेच्या दिव्यांनी औक्षण झालं. आई नव्या साडीत लाजल्यासारखी बसली होती.

मग अभिनव आणि त्याचा ड्रायव्हर देवश्रीचा कॅनव्हास घेऊन जिना चढले. दारातून तो आडवा करूनच आत आला. वरचा कागद काढला. काळ्या-पांढऱ्या फोटोला रंग भरले होते. आईची साडी जांभळी, काठ सोनेरी, बाबांचा कोट तपकिरी. आई-बाबा आत्ता खुर्चीवरून उठून येतील, इतके ताजे. बायकांनी मोबाईल काढले. आई बघत राहिली आणि म्हणाली, "केवढी मी."

मी वहिनीकडं पाहिलं. चेहरा उतरला होता. तिच्या कॅनव्हाससारखे चार त्यात मावले असते. तिनं हातातलं तबक खाली ठेवलं, पदर सावरला, जवळ जाऊन बघितलं, आणखी जवळ गेली. आणि मागं वळली तेव्हा चेहऱ्यावर दिवे लागले होते.

"देवश्री," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "आईचं गोंदण काहून नाही दिसून राहिलं?"

सगळ्यांनी पाहिलं. गाल स्वच्छ होता, गुळगुळीत. देवश्रीचा हात तोंडाकडं गेला. "दुकानवाल्यानं डाग समजून काढून टाकलं असेल, ताई. माझ्या लक्षातच आलं नाही."

"नसन आलं," वहिनी म्हणाली. त्या दोन शब्दांसाठी ती कित्येक वर्षं थांबली होती. मग ती आत गेली, आपला कॅनव्हास घेऊन आली, त्यावर गुंडाळलेली साडी सोडवली आणि तो आईसमोर धरला.

एका क्षणात तिला जेवढं सुख मिळालं, तेवढं मी कधी कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही. म्हणूनच पुढचं बघवलं नाही. कमलामावशी पुढं वाकून म्हणाली, "शांते, तुहा पदर उजव्या खांद्यावर कसा गेला?"

मग सगळ्यांनाच दिसलं. पदर उजव्या खांद्यावर. बाबांचं घड्याळ उजव्या मनगटावर. गोंदण डाव्या गालावर. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अरे, ये तो हमारे जैसा सीधा पल्ला हो गया," आणि खोलीत हसू पसरलं. दादासुद्धा हसला. अनुश्री कपाळाला हात लावून हळूच म्हणाली, "मम्मी, मैंने तो फ्लिप किया था. आपने दुकान में फिर से करवाया क्या?"

वहिनी हसली नाही, रडली नाही. कॅनव्हास धरलेले हात तेवढे खाली आले. देवश्रीही हसली नाही. ती म्हणाली, "पण किती सुंदर केलंय, ताई." हसली असती तर बरं झालं असतं. तिची कीव वहिनीला सगळ्यात जास्त झोंबली, हे मला तिथल्या तिथं दिसलं.

"आण इकडं," आई म्हणाली.

"राहू द्या, आई. बिघडला तो."

"आण म्हणलं ना."

आईनं कॅनव्हास मांडीवर घेतला. चष्मा मागवला. हसणं थांबलं, कारण आई फार वेळ बघत होती. तिनं आपला उजवा हात उचलून स्वतःच्या उजव्या गालावर ठेवला. समोर कॅनव्हासवरही त्याच बाजूला, बरोबर त्याच उंचीवर, गोंदण होतं.

"हे मी आहे," ती म्हणाली.

कुणाला कळलं नाही. आई आपल्या नेहमीच्या संथ आवाजात सांगायला लागली, "तो फोटो आला ना, तवा मी तुह्या सासऱ्याले म्हणलं, ही बाई कोण उभी आहे तुमच्या मागं? ते हासले. मले तो फोटो कधी माहा वाटलाच नाही. बाकीचे म्हणत, शांता हुबेहूब आली. मी म्हणो, आली असन. पण मी सोताले पाहिलं कुठं? आरशातच पाहिलं ना. रेल्वेच्या क्वार्टरात खिडकीपाशी आरसा होता, त्याच्यात मी कुंकू लावो. अशीच दिसो मी. गोंदण या बाजूले. पदर या बाजूले." तिनं कॅनव्हासवरच्या स्वतःवरून बोट फिरवलं. "शर्मिष्ठा, हे तुले कसं समजलं?"

वहिनी खरं सांगू शकली असती, की दोनदा उलटा झाला. अनुश्रीनं तोंड उघडलंही होतं. वहिनीनं तिच्याकडं असं बघितलं की ते मिटलं. मग ती खाली बघत म्हणाली, "चुकूनच झालं, आई."

"असू दे," आई म्हणाली. "चांगलं झालं."

मी देवश्रीला बघत होते. ती आपल्या दरवाजाएवढ्या कॅनव्हासशेजारी उभी होती आणि तिची नजर आईच्या मांडीवर होती. ती नजर मला नवी नव्हती. वर्षानुवर्षं मी ती बूढ़ापाऱ्याच्या स्वयंपाकघरात बघत आले होते, फक्त दुसऱ्या चेहऱ्यावर.

पंगत बसली. वहिनी गोळाभात वाढत होती, आणि तिच्या चालण्यात काय जोर होता. कढीचं भांडं घेऊन ती अशी फिरत होती, जणू पंच्याहत्तरी तिचीच. आई आता कुठं जाते? हे तिनं म्हटलं नाही, पण दर वाढीला मला ऐकू येत होतं.

अभिनवनं विचारलं, "आई, मग काय ठरवलं?"

आईनं घास संपवला. "येतो मी तेलीबांध्याले," ती म्हणाली. "माह्यानं पायऱ्या होत नाहीत आता. खाली उतरून तलाव पाहिला त्याले किती दिवस झाले. हीही थकली माह्यं करू करू."

वहिनीचा डाव कढीतच राहिला.

"अन् हे माह्यासंग येईन," आईनं भिंतीला टेकवलेल्या छोट्या कॅनव्हासकडं बोट दाखवलं. "देवश्रीचा मोठा इथंच राहू दे. घरात मी नाही, फोटो तरी पाहिजे ना कोणाले."

मग वहिनी म्हणाली, "हव, आई." आणि पुढच्या पानावर कढी वाढली. आई निघाली त्या दिवशी वहिनीनंच तो कॅनव्हास गुंडाळला. त्याच जुन्या साडीत, वरून सुतळी. आईच्या पिशवीत थेंबांची बाटली वर ठेवली, सापडावी म्हणून. आईला जिन्यावरून तिनंच धरून उतरवलं, देवश्रीला हात लावू दिला नाही.

आता आई तेलीबांध्याला असते. तिच्या पलंगासमोर वहिनीचा कॅनव्हास आहे. सकाळी उठल्यावर आई आधी तिकडं बघते, असं देवश्रीनंच मला सांगितलं. तिथं तिला तळ्याचं चित्र लावायचं होतं. परवा मला गॅलरीत नेऊन हळूच म्हणाली, "अपर्णाताई, वहिनींना विचाराल का, त्या जेल कुठला वापरतात? माझा कागद निघतच नाही. भोकं पडतात." गॅलरीच्या कोपऱ्यात तीन बिघडलेले कॅनव्हास होते. तिन्हीवर आई. मी वहिनीला विचारलं नाही. वहिनीनं ते सुख महिनाभर पुरवलं असतं, आणि मला ते कुणालाच द्यायचं नव्हतं.

इकडं बूढ़ापाऱ्यात वहिनी रोज देवश्रीच्या कॅनव्हासखाली बसते. खोली लहान आणि तो एवढा मोठा, की पाठ करून बसायला दुसरी भिंत नाही. नवीन कॅनव्हास तिनं केलेला नाही. जेल वाळून गेला म्हणते.

काल ऑफिस सुटल्यावर मी गेले, तर ती वाटाणे सोलत होती. मी चहा घेता घेता वर पाहिलं आणि थांबले. जांभळ्या साडीतल्या, गुळगुळीत गालाच्या आईच्या उजव्या गालावर एक बारीक काळा ठिपका होता.

"वहिनी, हे तू केलंस?"

"मंग कोण करीन? आईले गोंदण आहे."

मी बघत राहिले. उजवा गाल की डावा? तेलीबांध्याच्या कॅनव्हासवर ते डाव्या गालावर बघून बघून माझा गोंधळ झाला होता. मी डोळे मिटून आईचा चेहरा आठवायला गेले, तर आधी तिच्या हाका आठवल्या, हात आठवले. गोंदण कुठल्या बाजूला, ते आलं नाही. पोटची पोर मी. मला माझ्याच आईचा गाल आठवेना, आणि वाटाणे सोलणाऱ्या या बाईचा मला इतका हेवा वाटला की चहा गोड लागेना.

"उजव्याच गालावर आहे, हे नक्की ना?" मी विचारलं.

तिनं वर न बघताच सांगितलं, "रोज समोर बसून थेंब टाकत होती ना मी. उजव्या डोळ्यातला ओघळे अन् गोंदणापाशी येऊन थांबे. तिथून मी पुसून घेवो." शेंगेतले दाणे भांड्यात पडले. "तिकडं थेंब कोण टाकते आईले?"

"देवश्री टाकत असेल."

"पुसते का ओघळलं तर?"

मला माहीत नव्हतं. "पुसत असेल," मी म्हणाले आणि उठले. ब्राह्मणपाऱ्याच्या वळणावर मी वळले नाही, तेलीबांध्याची रिक्षा केली. एक दिवस तरी ते थेंब मला टाकायचे होते.